बादली बदलण्याआधीची निरवानिरव

काळ्या पडलेल्या काडीचं बूड हुंगून मालकांची मुलगी मला म्हणाली, "अरे, बादली बदल की!" त्या क्षणी माझं आयुष्य बदललं.

सबब मी, रोपांच्या नर्सरीत कलमाच्या काड्या लावणारा, कॉलेज अर्धवट, पूर्ण शुद्धीवर असून (दादाचं मत वेगळं आहे) हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. प्रकृती ठणठणीत आहे. पण आज दुपारी मी मालकांना दोन गोष्टी सांगणार आहे आणि त्यांच्या हातात छाटणीची कात्री असते.

पहिली गोष्ट अशी की, बुरशीनाशकाच्या एकाच बादलीत आपण दिवसभर सगळ्या काड्या बुडवतो. एक रोगट काडी आत गेली की साऱ्यांना लागण. औषधवाला म्हणाला, "डोस वाढवा." वाढवला, तर मुळंच करपली. दुसरी गोष्ट, मालक मुलीचं लग्न त्याच औषधवाल्याच्या मुलाशी ठरवताहेत आणि माझं तिच्यावर प्रेम आहे. तिला विचारलं, तर म्हणाली, "आधी बाबांना सांगायची हिंमत कर, मग बघू."

सायकल आईला, विकून तिने चष्मा करावा. कॉलेजची पुस्तकं दादाला. "एवढं शिकून काड्याच टोचायच्या होत्या होय रे?" असं तो पाहुण्यांसमोर म्हणाला होता. पुस्तकं जवळजवळ कोरी आहेत, त्याने वाचावीत. सुरी माझ्या जागी येणाऱ्याला, प्रत्येक झाडानंतर धुवायच्या अटीवर. औषधवाल्याच्या मुलाला रबरी हातमोजा, डावा, फाटका.

खिडकीजवळचा ट्रे कोणाला देत नाही. त्यातल्या रोगट काड्या मी आधीच काढल्या, द्रावण वरचेवर ताजं केलं, औषधही आलटून पालटून वापरलं. पांढरीशुभ्र मुळं फुटलीत. तो पुरावा म्हणून नेतो आहे.

साक्षीदार: टेम्पोवाले काका ("तू तोंड उघडणार म्हणजे सही करायलाच हवी, बाबा"), हिशेबनीस बाई (न वाचता).
ठिकाण: मुळं फुटवायची खोली.
दिनांक: आजचा. उद्याचं सांगता येत नाही.
सही: केली आहे.

ता. क. सही वाळते आहे तोवर ती दारात आली. "झालं का लिहून? बाबा शेडमध्ये एकटेच आहेत."

"तू इथेच थांब."

"का म्हणून? ट्रे मी धरते. तू फक्त आवाज चढवू नकोस."

ती ट्रे घेऊन पुढे गेलीसुद्धा. मी निघतो. दार लावून घेतो, आतला दमटपणा टिकायला हवा.