फिलूची पूड आणि खुरसाकडची लादीन

४ मे
पुण्याहून फिलूचा फोन. नात माझी, पण कामाच्या वेळी आजीला विसरते. प्रयोगशाळेत करते ती पूड आज भट्टीत घातली म्हणे. पावाची भट्टी नव्हे, काचेची नळी, आतून हायड्रोजन सोडतात. परवा निघेल. मी म्हटलं निघू दे, ७ ला आपल्या खुरसाकडे, वाड्यातल्या क्रुसापाशी, लादीन आहे, सगळ्यांनी गाऊन करायची प्रार्थना, व्हायोलिन कोण वाजवणार? शेजारच्या पावलीनचा मुलगा, तिचा लाडका झील, वाजवतो तेव्हा कुत्रीसुद्धा उठून जातात. ये म्हणजे ये.
हो म्हणाली. आवाज बारीक होता. लक्ष दिलं नाही.

७ मे
फिलू सकाळी कणकवलीला उतरली, दुपारी घरी. लादीन झकास. माणूस इतका की उकडलेले चणे कमी पडले. फिलूनं असं वाजवलं की पावलीनचं तोंड बघण्यासारखं झालं.
पोरगी जेवली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

८ मे
डोकं वगैरे काही नाही. माडांना पाणी लावताना बाहेर आलं.
पूड थंड झाली की लगेच नळी उघडायची नसते. नायट्रोजनात नखभर हवा मिसळून ती हळूहळू दाखवायची, तासन्‌तास. एकदम वारा लागला तर तापते, पेटते. हिनं बस चुकेल म्हणून तशीच उघडली. कडेकडेनं लाल झाली. संपलं.
"चूक माजी आसा आजये, तुजी नाय."
"ये म्हणजे ये" कोण म्हणालं ते वर लिहिलेलं आहे. चौथी शिकले, तेवढं वाचता येतं.

९ मे
आज तिला समोर बसवून सगळं विचारलं. डिझेलात गंधक असतो. जळला की धूर विषारी. वाळूसारखी बारीक पांढरी सिलिका, तिच्यावर ऱ्होडियम आणि फॉस्फरस बसवून ही पूड होते. ऱ्होडियम म्हणजे सोन्याच्या पंगतीला बसणारा धातू. तापलेलं डिझेल हायड्रोजनबरोबर पुडीवरून नेलं की गंधक सुटतो. साध्या पुडी गंधकानंच लवकर थकतात, ही थकणार नाही असं फिलू म्हणते. म्हणून काय, दाखवायला पूड हवी ना. ऱ्होडियमचं मीठ, खायचं नव्हे, धातूचा क्षार, एका घाण्यापुरतं उरलंय. तेही गेलं तर तिचे सर हा संशोधनाचा विषय दुसऱ्या कोणाला देणार. स्पष्ट सांगितलंय त्यांनी.
मी म्हटलं मिठाचं पाणी सिलिकेवर भसकन ओतू नको, पिईल तेवढंच घाल, थेंब थेंब.
"आजये, ता आमका पयल्याच वर्साक शिकयतत."
बरं. शिकवतात तर शिकवतात.

१० मे
गेली. सरांना खरं सांगणार म्हणाली, बसचं पण. सांग म्हटलं. खोटं बोलणारी आमच्यात नाही, पावलीनच्यात आहेत.

२१ डिसें.
इतके महिने सर थांबले. हिनं आधी साध्या धातूंवर हात बसवून दाखवला, तेव्हा कुठे मिठाची बाटली परत हातात दिली. उद्या घाणा लावते. २४ चा पूर्ण दिवस हवा दाखवण्यात जाणार. नाताळाला बस धरता येत नाही म्हणून नाक ओढत होती.
मी म्हटलं, "येव नको. इलंस तर दार उघडूचंय नाय."
हसली. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

२४ डिसें.
नेवऱ्या केल्या, नाताळाच्या करंज्या. एक माणूस कमी असलं की पीठ उरतं.
पावलीन ताट घेऊन आली, ताटाबरोबर जीभ. "नात खंय गो तुजी? पुण्याक गेली नि नाताळ इसारली?"
"ती पुडयेक हवा दाखयता. तुजो झील घरातच आसा ना, तो काय करता?"
ताट ठेवून गेली.

२७ डिसें.
फोटो आला. छोटी बाटली, तळाला काळपट पूड. पेटली नाही. यंत्राखाली धरली, सगळ्या खुणा फॉस्फाइडच्याच उमटल्या, म्हणजे ऱ्होडियम आणि फॉस्फरस नीट एक झाले. सर म्हणाले, घाणा स्वच्छ आहे. हे वाक्य फिलूकडून तीनदा म्हणवून घेतलं.
फोटो पावलीनला दाखवला. चुलीतली राख दिसते म्हणाली. मी सांगितलं, राख आम्ही मे महिन्यात करून बघितली, ती वेगळी दिसते.
सगळ्या वाड्यात हे एका पोरीला येतं. लिहून ठेवते, तोंडावर तिला सांगणार नाही.

४ जाने.
आज तेल सोडलं पुडीवरून. मोजून गंधक घातलेलं. तीन दिवस रात्रंदिवस चालणार. पहिल्या तासाला गंधक भरपूर गेला, पण पहिल्या तासाला सगळ्याच पुडी चांगल्या वागतात म्हणे. थकते की नाही ते तिसऱ्या दिवशी.
"आजये, थकली तर?"
मी म्हटलं, थकली तर थकली म्हणून सांग. आणि तोवर फो. करू नको, यंत्राकडे बघ.

७ जाने.
आज तीन दिवस पुरे होतात. भात खाल्ला. बांगडा करपला, तसाच खाल्ला.
दोन वाजले. तिनं फो. केला नाही, सांगितल्याप्रमाणे. मी दोनदा हातात घेतला, नंबर लावला नाही. साडेचारला तिचाच फो. आला, "आजये, पूड थकूक नाय."