मॅगझिनचे तीन

प्रिय डार्लीन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी वाटेल, आई आजारी पडली. आई ठणठणीत आहे. डोकं माझं फिरलंय, तेही त्या रुमानियाच्या रायफलपायी. तिच्यावरूनच तू तीन वर्षं घरात पाऊल टाकलं नाहीस, म्हणून तिचं नावही काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण आता इलाज नाही.

गेल्या महिन्यात आमच्या नेमबाजीच्या मैदानावर फर्मान निघालं, की ज्याने परदेशी रायफलचा दस्ता बदललाय त्याने भागांची यादी लिहून द्यावी. मी म्हटलं, त्यात काय! कायद्याच्या यादीतले परदेशी भाग दहापर्यंत चालतात, आणि दस्ता, मूठ, नळीखालचं लाकूड, गॅसचा दांडा हे सगळं अमेरिकन बसवल्यावर माझे बरोब्बर दहा उरतात. तरी शेजारच्या ओर्व्हिलला घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोजायला बसलो. नळी धरायची, पण नळीवरची नेम धरायची माशी नाही. घोडा धरायचा, चाप धरायचा, स्क्रू नाही. एकदा दहा आले, एकदा अकरा, तिसऱ्यांदा चौदा! ओर्व्हिल म्हणाला, "वेंडेल, हा कायदा लिहिणाऱ्यानं जन्मात कधी बंदूक उघडली होती का?" मक्याची भाकरी गार झाली. तुझी आई म्हणाली, "दोघांना मिळून एक बंदूक मोजता येईना, आणि म्हणे शिकारी!"

शेवटी होइटच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. त्याने पुठ्ठ्यावर रेघा मारल्या आणि बारा काढले. मी भांडायला उठलो, तर म्हणाला, "गोळ्यांचं मॅगझिन किती धरलंस?" मी म्हटलं, एक. हातात तर एकच येतं! "एक नाही रे बाबा, तीन. पेटी, आतली ठोकळी आणि तळाची पट्टी." आणि स्प्रिंग? "ती धरायची नाही." का, ते त्यालाही सांगता येईना. मला तर अजून कळलेलं नाही.

पण 'तीन' ऐकताच मला तू आठवलीस. माझ्या वाढदिवसाला अमेरिकन मॅगझिन हातात देत तू नेमकं हेच म्हणाली होतीस, "डॅडी, हे एवढं लावा, बारातले तीन जातील." आणि मी सगळ्यांदेखत ओरडलो, "नवरा शेरीफच्या कचेरीत लागला म्हणून बापाला कायदा शिकवतेस? हे प्लॅस्टिकचं डबडं मी लावू?" तू आईने भाजलेला ॲपल पाय न चाखताच निघून गेलीस. मला वाटलं, माझा पाणउतारा करायला आणलंस. मी तुरुंगात जाऊ नये म्हणून आणलं होतंस, हे कळायला मला तीन वर्षं लागली. चुकलो, पोरी.

शनिवारी मैदानावर, वाढदिवसाला आलेल्या त्याच लोकांसमोर सांगितलं, डार्लीनचं बरोबर होतं. होइट हसून म्हणाला, "मग आता पोरीचं मॅगझिन लाव की!" ते लावायला राहिलंय कुठे? आई समजते, ते कपाटात आहे. तू गेलीस त्याच संध्याकाळी मी पुलावर गाडी थांबवली आणि ते नदीत भिरकावलं. हे कुणालाच ठाऊक नाही. आधी तुला कळावं, म्हणून हे पत्र. होइटकडे तसलंच नवं मिळतं, तीनदा बघून आलो, पण विकत घ्यायला हात पुढे होत नाही. तू आणशील का? या वेळी मी ते सगळ्यांदेखत घेईन आणि तोंड बंद ठेवीन.

तुझाच, मोजणीत कच्चा,
डॅडी