दाराआडची पिशवी

धंद्यात ‘थोरली’ म्हणून ओळखली जाणारी, हल्ली शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहणारी मी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. मी रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे.

१. आमचा धंदा गुन्हा होता तेव्हा घरात एक रीत होती. पोलिसांची धाड पडली की एकीने पकडले जायचे, बाकीच्यांनी मागच्या जिन्याने निसटायचे. दाराआड एक पिशवी कायम भरलेली असे: चादर, टॉवेल, कंगवा, साबण. जिचा नंबर तिने ती उचलायची. माझ्याबरोबर धंद्यात असलेल्या धाकटीची लेक तेव्हा अंगावर पीत होती, म्हणून धाकटीच्या प्रत्येक नंबराला पिशवी मी उचलली. धाकटी माझी सख्खी बहीण नव्हे. सख्खीहून जवळची, असे मी समजत होते.

२. कायदा बदलला, धंदा गुन्हा राहिला नाही. आम्ही दोघींनी दोघींच्या नावावर, उजळ माथ्याने धंद्यासाठी घर घेतले. जुन्या शिक्षांची नोंद मात्र कोणी पुसली नाही. धाकटी अशा घरांना परवाने देणाऱ्या समितीवर गेली आणि भर सुनावणीत म्हणाली, “ज्यांच्या नावावर गुन्हे आहेत, त्यांना अशा घरात ठेवू नये.” तिची पाटी कोरी. ती कोरी कुणामुळे राहिली, हे तिने सांगितले नाही. त्याच आठवड्यात मला माझ्याच घरातून काढले.

जाब विचारला तर म्हणाली, “अगं, नियम मी एकटीने केला का? माझ्या जागी तू असतीस तर हेच केलं असतंस.”

“तुझ्या जागी मी होतेच की,” मी म्हटले. “कोठडीत.”

ती चष्मा पुसत बसली.

३. घरातला माझा अर्धा हिस्सा धाकटीच्या लेकीला द्यावा. ती मला अजून मावशी म्हणते, तेही आईच्या देखत. अट एकच: जुनी नोंद असलेल्या बाईला दार बंद करायचे नाही, आईने कितीही गळ घातली तरी.

४. मोठा आरसा खालच्या शिंप्याला. माझी इस्त्री त्याने मागून नेली ती परत आलीच नाही. तीही त्याला लखलाभ. वाटेकरी झाला म्हणून त्याला साक्षीला घेतलेले नाही.

५. धाकटीला ती पिशवी. घर सोडताना मी सगळ्यात आधी तीच उचलली, हाताला सवय होती. चादर धुतली आहे, साबण नवा आहे. तिने माझ्या मयताला येऊ नये, असे आधी लिहिले होते. ते खोडले आहे. तिने यावे, आणि सगळ्यांदेखत पिशवी स्वतः उचलून घरापर्यंत चालत न्यावी. तिचा नंबर राहून गेला आहे.

सही: थोरली

आमच्यासमोर तिने सही केली, म्हणून आम्ही केली:
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, नाक्यावरचा चावीवाला

स्थळ: शिंप्याच्या दुकानावरची खोली
दिनांक: सुनावणीनंतरचा दुसरा सोमवार