बाभळीचा गिअर

गुरुवार, ९ ऑक्टोबर

शिफ्ट सुटून घरी आले तर दारात भंगारवाला. दिवाळीची साफसफाई काढलेल्या आईच्या हातात अण्णांचा गिअर! आठवड्यापूर्वीच खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहिलेलं. हिसकावूनच घेतला मी.

अण्णा, माझे वडील, गिअर कोळशाच्या पेटीत पुरून भट्टीत तापवायचे. कोळशातला कार्बन पोलादात मुरला की वरचा थर कडक होतो. मी कंपनीत हेच काम कोळशाऐवजी गॅसमधल्या कार्बननं करते. पण या गिअरला कोळसा आमच्या बांधावरच्या बाभळीचा होता. म्हणजे बाभळीनं हवेतून ओढलेला कार्बन याच्या कातडीत आहे? इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही? आणि बाकीचा कोळसा जळून गेला कुठं?

आईला म्हटलं, "भंगाराच्या भट्टीत वितळला असता तर यातली बाभूळ हवेत गेली असती."

"मग जाऊ दे की. हवेतनंच आली व्हती न्हवं?"

गिअर पुन्हा खिडकीत ठेवलाय. त्याच्यामागे आईनं लावलेला शेवगा त्याच हवेत हलतोय. मघापासून मी गिअर सोडून त्याच्याकडेच बघतेय.