आईला सांगितलेले जिने

चिंचवड, शनिवार, १४ एप्रिल १९७९

कंपनीतून येताना सिंगापूरच्या हॉटेलचं माहितीपत्रक आणलं. अगदी बाजारपेठेत आहे, सगळं पायी जवळ. आईने विचारलं, "माझ्या गुडघ्यांना झेपेल ना रे?"

"चार जिने आहेत, आई. लिफ्ट नाही."

लिफ्ट आहे. दोन आहेत. तिला इंग्रजी वाचता येत नाही. माझ्या बायकोला, सुमनला येतं, पण तिने मान वर केली नाही.

"दुसरं हॉटेल?"

"बाकीची सगळी शहराबाहेर."

"मग जा तुम्हीच."

मला हायसं वाटलं. अजूनही वाटतंय, त्याचं काय करू? पासपोर्टसाठी तिने आयुष्यात पहिल्यांदा एकटीचा फोटो काढला होता.

आत्ता गॅलरीत ती शेजारच्या काकूंना सांगते आहे, "पोरगा फार मागे लागला होता हो, मीच नको म्हटलं."