पडद्यापलीकडचं मोजणं

आप्पा, तुमच्या स्टुडिओच्या जागी आता काय उभं आहे ते सांगितलं तर तुम्ही चिडाल, म्हणून सांगत नाही. आज कपाट आवरताना माझा जुना बॉक्स कॅमेरा हाती लागला. वरचं कातडं सुटलंय, भिंगाला बुरशी धरलीय. तो तुम्ही मला दिलात तेव्हा आत्या म्हणाली होती, "पोरीच्या जातीला कशाला असली खेळणी?" तुम्ही पान लावता लावता म्हणालात, "खेळणं नाय अक्का, धंदा हाय. गोषातल्या घरात मला कोण घेतंय? ती जाईल." मोगलाईतलं आपलं औरंगाबाद. मोठ्या घरांतल्या पुरुषांचे फोटो तुम्ही काढायचात आणि बायकांची पाळी आली की पडद्याशी थांबायचात. तिथून पुढं मी जायचे.

त्या डब्याला फारसं काही कळत नव्हतं, मलाही नव्हतं, आणि आमचं छान जमत होतं. पोटाशी धरायचा आणि गप्पा मारता मारता खटका ओढायचा. फोटो जरा धूसर यायचे, पण त्यांत माणसं असायची. कुणी हसू दाबतंय, कुणी माझ्याकडं संशयानं बघतंय. तुम्हाला ती धूसरता सोसेना. एक दिवस तुम्ही मला तुमच्या मोठ्या कॅमेऱ्यापाशी उभं केलंत. लाकडी, तिवईवरचा, मागं घाशीव काच. डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेत पाहायचं, तिथं माणूस उलटा दिसतो. तो साफ दिसायला लागला की भिंगाला टोपण लावायचं, काचेची प्लेट सरकवायची, टोपण काढून उजेड पुरेपर्यंत मोजायचं आणि परत लावायचं. मोजण्यात माझी घाई व्हायची. "तुझं मोजणं धावतंय, माय," तुम्ही म्हणालात. "तू टोपण सांभाळ, मी मोजतो." तेव्हापासून तुम्ही पडद्याबाहेर उभं राहून मोठ्यानं मोजायला लागलात, एऽक, दोऽन, संथ आणि भरदार. माझी नजर टोपणावर असायची, हात हलू नये म्हणून.

फोटो साफ यायला लागले. ओढणीच्या काठाचा धागा न् धागा दिसायचा. पण चेहरे मेलेले. कापडाखालून बघताना ज्या बाईचे डोळे थेट माझ्यावर रोखलेले असत, तिच्याच पापण्या कागदावर खाली झुकलेल्या. एकीच्या नाहीत, सगळ्यांच्या. माझ्या हातालाच काही लागलंय असं वाटायचं. गोषातले फोटो कागदावर उतरवायचं काम माझं. तुम्ही फक्त धुतलेली प्लेटची काच बघायचात. काचेवर चेहरा काळा आणि केस पांढरे, म्हणजे तो चेहरा नव्हेच, बघितला तरी गोषा मोडत नाही, अशी तुम्ही स्वतःची समजूत घातली होती. "धार बघ कशी आलीय. आनखी काय पायजे तुला?" असं म्हणून तुम्ही काच खाली ठेवायचात. मला काय पाहिजे ते सांगता येत नव्हतं. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्यासमोर मी रडले आहे, आप्पा. मला माझा डबा परत हवा होता, आणि तो मागायची लाज वाटत होती.

मग खुलताबादची ती म्हातारी बेगम आली. म्हणजे आपणच गेलो. ती हजला निघाली होती. प्रवास समुद्राचा, वय झालेलं, परत येईल न येईल म्हणून मुलाला आईचा एक फोटो घरात हवा होता. पहिला फोटो त्यांच्याकडं पोचला आणि लगेच निरोप आला, परत या. मी आत गेले तर तो तिच्या मांडीवरच होता. "बेटी, ये तो मय्यत का फोटू है," ती म्हणाली. रागानं नाही, हे जास्त लागलं. माझे डोळे भरले. मी म्हणाले, मला हा कॅमेरा येतच नाही, माझे सगळेच फोटो असे येतात. तिनं पडद्याकडं हनुवटी केली. "तेरा कुसूर नक्को समझ. तेरे बाप की आवाज आती ना, नजर आपीच नीची हो जाती. उमर भर की आदत है." सून मान हलवत होती. सगळ्या घराला ठाऊक होतं, फक्त आपल्या दोघांना नव्हतं.

मी पडद्याशी आले. "आप्पा, आत पाहुण्या बायका आल्यात. तुम्ही अंगणात थांबता का?" तुम्ही विचारलंत, "मग मोजनार कोण?" मी म्हणाले, "मी." मग प्लेट पडद्याखालून आत सरकवलीत, "धावू नको," म्हणालात, आणि तुमच्या वहाणा फरशीवरून लांब गेल्या. आत बेगमनं शालीतून जपमाळ बाहेर काढली. "कितने दाने, बोल." मी टोपण काढलं. ती मणी सरकवत होती आणि माझ्याकडं बघत होती. मीही पहिल्यांदाच टोपण सोडून तिच्याकडं बघत होते.

घरी आल्यावर ती काच तुम्ही दिव्यापुढं फार वेळ धरलीत. "हात हललाय," एवढंच म्हणालात. हललाच होता. पडद्याच्या घरांचा रिवाज असा की काचसुद्धा त्यांची त्यांना द्यायची, तशी ती दिली. बेगम परत आली नाही. तिकडंच गेली. सुनेनं सांगून पाठवलं, फोटो बघताना वाटतं अम्मी आता हाक मारतील. हे मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि पान लावायला बसलात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी स्टुडिओत एक नवं जोडपं आलं. नवरी खुर्चीत, नवरा शेजारी उभा. तुम्ही टोपण काढता. मी मागं उभी राहून तुमच्या आवाजाची वाट बघते. आवाज येत नाही. तुमचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतोय, तोंड मिटलेलं, आणि नवरी सरळ समोर बघतेय. ती दोघं गेल्यावर मी विचारलं, "आप्पा, मोजलं नाहीत?" तुम्ही म्हणालात, "मोजलं की." शेवटपर्यंत तुम्ही पुन्हा मोठ्यानं मोजलं नाहीत. मला ते कळायला फार वर्षं लागली. काचेवर उघड्या डोळ्यांची बुबुळं पांढरी दिसतात. बेगमच्या काचेत ती तुम्हाला दिसली असणार, आणि आधीच्या कुठल्याच काचेत दिसली नव्हती हेही आठवलं असणार. माझं पाहुण्या बायकांचं निमित्त खोटं होतं हे कळूनही तुम्ही ते कधी खोडलं नाहीत.

हे पत्र घडी करून त्या डब्यात ठेवणार आहे, जिथं फिल्म बसायची तिथं. आप्पा, मी तुम्हाला अंगणात पाठवलं ते त्या एका फोटोपुरतं. कायमचं गप्प व्हा, असं मला म्हणायचं नव्हतं.