घड्याळजींचं साधं पाणी

ता. ४, सोमवार
झालं बाई ट्रेनिंग! तीन दिवस! तिसरी नापास मी, आणि कागद मिळाला, सही-शिक्क्याचा. नात म्हणाली, "आजी, आता तुझीच शाळा काढू." कपाटात ठेवला, परत काढला, बघितला. सून म्हणाली, "तीनदा दाखवलात, आई." दाखवीन चारदा!

शिकवलं काय, तर भरवायचं कसं. इतकी वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना भरवतेय, मला वाटायचं त्यात शिकायचं काय? पण आहे हो. अर्धांगाने ज्यांचा घसा लुळा पडलाय त्यांना साधं पाणी द्यायचं नाही. ते श्वासात जातं, छाती भरते. पावडर घालून दाट करायचं, हनुवटी खाली, चमच्या-चमच्याने. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "जाऊन बाकीच्यांना शिकवा."

ता. ५
शिकवलं! जेवणघरात आठ जणी. आधी शिडीला खुर्चीत बसवलं. ताडमाड उंच म्हणून शिडी — अकरा वर्षं आम्ही दोघी एकाच मजल्यावर कामाला. तिला दाट पाणी पाजलं. "शी! ही तर खळ. भिंतीला कागद चिकटवा हिने!" सगळ्या हसल्या. मीपण.
सिस्टर म्हणाल्या, आता पाण्याचं सगळं तुम्ही बघायचं. मी!!

ता. ९
ठसके कमी झालेत, सिस्टरही म्हणाल्या. गुडघा दुखतोय, पण आज तोही गोडच लागतोय.
फक्त घड्याळजी ऐकत नाहीत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. चमचा नेला की ओठ मिटतात. "साधं... द्या." म्हटलं, "बरे झालात की देईन हं." तर म्हणतात, "किती... वाजता?" घड्याळवाला माणूस, वेळच विचारणार! हसले मी. हसायला नको होतं.

ता. १२
शिडीशी भांडण. घड्याळजींच्या ओठांशी साध्या पाण्याचा पेला धरला होता तिने! मी हिसकावला, बेसिनमध्ये ओतला. घड्याळजी बेसिनकडे बघत राहिले.
"माणूस तहानेने तळमळतोय आणि तू त्याला खळ चाटव! आली मोठी शिकून!"
सगळ्यांदेखत बोलली. मग मीही सिस्टरकडे गेले. शिडीला लगेच खाली पाठवलं, कपडे धुण्याच्या खोलीत. जाताना वळूनसुद्धा बघितलं नाही.
मी बरोबरच केलं. छाती भरली असती तर? बरोबरच केलं.

ता. १५
पाणी मागितलं. नाही दिलं.

ता. १६
आजही.

ता. १८
घड्याळजी गेले. सकाळी, नाश्त्याच्या आधी. मीच अंग पुसलं. डाव्या हाताची दोन बोटं जुळलेली, किल्ली धरल्यासारखी. सरळ केली, परत तशीच झाली.
घरी येऊन पाण्याचा पेला भरला, तसाच ठेवला.

ता. २०
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.
सिस्टर त्यांची फाईल आवरत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं, शेवटी तरी मनासारखं पाणी प्यायला मिळालं त्यांना." म्हटलं, "कुठलं पाणी?" — तर तेरा तारखेलाच डॉक्टर सांगून गेले होते. आता इलाज नाही, मागतील ते द्या, साधं पाणी पण. फाईलमध्ये लिहिलंय. मला कुठलं लागतंय डॉक्टरांचं अक्षर!
"मला कुणी सांगितलं नाही हो!"
"अहो मावशी, पाण्याचं सगळं तुम्हीच बघता. तुम्हालाच माहीत नसेल असं कुणाच्या मनात तरी येईल का?"
पूर्वी मला सगळं सांगायचे. हे आणा, ते करा, त्यांना हे देऊ नका. शिकून आले आणि सांगायचे थांबले.
तेरा ते अठरा. मोजले, पुन्हा मोजले. दिवसाला किती वेळा मागितलं असेल?
घरी आले तर नातीने माझा कागद चौकट करून भिंतीवर लावलाय. हौसेने. कशी दिसते आजी, म्हणून विचारतेय. काय सांगू पोरीला?

ता. २१
शिडीकडे गेले, खाली. डॉक्टरांचं सांगता सांगता रडूच आलं. ती चादर पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "रडू नको गं. तू जेवायला गेलीस की मी वर यायची. रोज. घड्याळजी आख्खा पेला प्यायचे. आणि म्हणायचे, तिला... सांगू नको. तिला वाईट वाटेल."